खरखर, खोडद आणि अठरा हजारांची वायर

गेल्या महिन्यात नगरला घरी गेलो होतो. (कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर झालंय, पण आम्हा सावेडीकरांच्या तोंडात अजून नगरच बसलंय. सवयीने तसंच लिहितो, समजून घ्या.) बाबा रिटायर झाले तेव्हा त्यांना गाणी ऐकायला एक सेटअप करून दिला होता. एक छोटा कॉम्प्युटर, त्याला यूएसबीने जोडलेला डॅक, म्हणजे डिजिटलचं अॅनालॉग करणारा डबा, पुढे जुना अॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर. टीव्हीचा आवाजही त्याच अॅम्प्लिफायरला. मोबाईलवरून राग निवडायचा आणि खुर्चीत मागे टेकायचं, एवढं सोपं.

पण बाबांची तक्रार होती. "अरे, आलाप सुरू होण्याआधी तानपुरा लागतो ना, त्याच्याही आधी तुझं यंत्र स्वतःचा षड्ज लावतं."

ऐकलं तर खरंच. एक बारीक घुमणारा हंऽऽऽ आणि त्यावर किरकिर. कॉम्प्युटरवर माऊस हलवला की किरकिर बदलायची. माऊसचा आवाज स्पीकरमधून ऐकू येणं ही इंजिनिअरसाठी अपमानाची गोष्ट आहे, मग तो सॉफ्टवेअरचा का असेना!

पुण्यातल्या एका दुकानात विचारलं. तिथल्या गृहस्थांनी शांतपणे सांगितलं, "तुमची लॅन केबल साधी आहे. नॉईज तिथून येतो." आणि दीड मीटरची एक जाडजूड, विणलेल्या वेष्टनाची, दोन्ही टोकांना धातूचे चकचकीत प्लग असलेली केबल पुढे ठेवली. किंमत अठरा हजार. वर म्हणाले, "दोन दिवस घरी लावून बघा, मग ठरवा." माणूस सरळ होता, उगाच दोष देत नाही.

त्या केबलने काय केलं ते शेवटी सांगतो. मधल्या दोन रात्री मी 'हा आवाज येतो तरी कुठून' या प्रश्नामागे लागलो, आणि धागा ओढता ओढता दौंड, खोडद आणि संगमनेरपर्यंत पोचलो. म्हणून हा लेख.

*

सुरुवात टेलिफोनपासून. पहिल्या टेलिफोन लाईनी एकाच तारेच्या असत. परतीचा रस्ता जमिनीतून. तारेचा खर्च निम्मा, सगळे खूश. मग अमेरिकेतल्या शहरांत विजेच्या ट्राम धावायला लागल्या. ट्रामचा करंट रुळांतून परत जायचा आणि त्यातला बराचसा जमिनीत गळायचा. जमीन तर टेलिफोनवालेही वापरत होते. ट्राम निघाली की फोनमध्ये गुरगुर.

उपाय खुद्द ग्रॅहम बेलने १८८१ सालीच पेटंट करून ठेवला होता. जमिनीला हात लावायचा नाही. दोन तारा घ्यायच्या आणि त्या एकमेकींना पीळ देऊन न्यायच्या. बाहेरून येणारा उपद्रव दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच चढतो. ऐकणारं यंत्र दोन तारांमधला फक्त फरक बघतं. सारख्यातून सारखं गेलं, शून्य उरलं! पीळ का, तर एक तार कायम उपद्रवाच्या जवळ आणि दुसरी कायम लांब असं होऊ नये म्हणून. दर काही सेंटीमीटरला जागांची अदलाबदल.

आता तुमच्या राऊटरची साधी, शे-दोनशे रुपयांची लॅन केबल कापून बघा (जुनी कापा!). आत पीळ दिलेल्या तारांच्या चार जोड्या दिसतील. प्रत्येक जोडीचा पीळ वेगळ्या मापाचा, म्हणजे शेजारच्या जोडीशीही सूत जुळू नये. १८८१ चीच आयडिया.

मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज आलं १८८२ साली, विजेची ट्राम १९०७ साली, आणि बोरीबंदर ते कुर्ला विजेची लोकल ३ फेब्रुवारी १९२५ ला. पुढे १९५० च्या दशकाअखेर भारतीय रेल्वेने २५ हजार व्होल्ट एसीची पद्धत निवडली. तेव्हा रुळांच्या कडेने खांबांवरून जाणाऱ्या उघड्या टेलिफोन तारा तशाच ठेवणं शक्य नव्हतं. वरच्या विजेच्या तारेमुळे त्यांच्यात घातक व्होल्टेज चढतं. म्हणून मार्गाचं विद्युतीकरण करायचं तर टेलिफोनच्या तारा आधी जमिनीखालच्या केबलमध्ये घालाव्या लागतात. म्हणजे रेल्वेची वीज आणि दुसऱ्या कुणाचं तरी ऐकणं यांचं भांडण नवीन नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

*

दुसरा धागा बिनतारीचा. १९२७ साली भारत आणि इंग्लंड यांच्यात शॉर्टवेव्हची 'बीम' तारसेवा सुरू झाली. मार्कोनी पद्धतीची. संदेश पाठवायचं केंद्र होतं पुण्याजवळ खडकीला आणि ऐकायचं केंद्र दौंडला. दौंड म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या उंबऱ्यावरच. भीमा ओलांडली की श्रीगोंदा तालुका.

मला लहानपणापासून दौंड म्हणजे फक्त इंजिन बदलायचं आणि चहा प्यायचं जंक्शन. तिथे कधीकाळी इंग्लंडहून येणाऱ्या संदेशांसाठी कान लावून बसत, हे मला तिशी गाठताना कळलं.

पण पाठवायचं एका गावी आणि ऐकायचं पाऊणशे किलोमीटर लांब दुसऱ्या गावी, असं का? कारण साधं आहे. इंग्लंडहून येणारा सिग्नल दमून भागून पोचतो. शेजारी तुमचाच ट्रान्समीटर कित्येक किलोवॅटने ओरडत असेल तर तो कसला ऐकू येतो? इंग्लंडमध्येही हेच केलं होतं. पाठवणारं केंद्र ग्रिम्सबीजवळ, ऐकणारं स्केग्नेसजवळ. नॉईज कमी करायचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात खात्रीचा उपाय हाच. लांब जाऊन बसा.

याच सुमारास अमेरिकेत बेल लॅबला अटलांटिकपार रेडिओ टेलिफोनमधली खरखर छळत होती. तिचा छडा लावायचं काम कार्ल जान्स्की नावाच्या तरुण इंजिनिअरला दिलं. वय पंचविशीच्या आत-बाहेर. (आपल्याला त्या वयात टिकेट सिस्टीमवर बग मिळतात, त्याला हा मिळाला.) त्याने न्यू जर्सीत होल्मडेलला फोर्ड मॉडेल टी गाडीच्या चाकांवर गोल फिरणारा मोठा अँटेना बांधला आणि २०.५ मेगाहर्ट्झवर ऐकत बसला. त्याला तीन प्रकारची खरखर सापडली. जवळच्या वादळांची, लांबच्या वादळांची, आणि तिसरी एक संथ, सतत, कुठून येते ते न कळणारी.

ही तिसरी खरखर रोज थोडी लवकर यायची. २४ तासांनी नाही, २३ तास ५६ मिनिटांनी. हे चार मिनिटांचं अंतर खगोलवाल्यांना पाठ असतं. तारे रोज तेवढेच लवकर उगवतात. म्हणजे खरखर पृथ्वीवरची नव्हती, सूर्याचीही नव्हती. आकाशगंगेच्या मध्यातून, धनू राशीच्या दिशेने येत होती. १९३३ मध्ये त्याने हे जाहीर केलं आणि रेडिओ खगोलशास्त्र जन्माला आलं.

म्हणजे बघा, टेलिफोन कंपनीला जो कचरा वाटत होता तोच पुढे एका शास्त्राचा सिग्नल झाला. पुढे १९३७ मध्ये ग्रोट रीबर नावाच्या दुसऱ्या इंजिनिअरने घराच्या मागच्या अंगणात स्वखर्चाने डिश बांधली, तर त्याला दिवसा मोटारींच्या स्पार्क प्लगचा उपद्रव व्हायचा. तो रात्री ऐकायचा. गाडीवाल्याची ठिणगी त्याच्या कामाची, रीबरच्या मात्र वैऱ्याची.

आमच्या नगरमध्ये व्हीआरडीई ही लष्करी वाहनांची संशोधन संस्था आहे, वाहननगरला. तिथे गाड्यांच्या विद्युतचुंबकीय उपद्रवाची चाचणी घ्यायची सोय आहे. गाडी रेडिओ लहरींचा किती कचरा बाहेर टाकते आणि बाहेरचा किती सहन करते, हे तिथे मोजतात. लहानपणी त्या बाजूने जाताना वाटायचं की आत फक्त रणगाडे असतील.

*

आता खोडद. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगाव लागतं, तिथून आत. जिल्हा पुणे, तालुका जुन्नर, पण आमच्या पारनेर आणि संगमनेर तालुक्यांची हद्द तिथून फार लांब नाही. इथे जीएमआरटी आहे, जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. त्यातल्या १४ साधारण एक किलोमीटरच्या चौकात दाटीने आणि १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर पसरलेल्या. सगळ्यात लांबच्या दोन डिशमधलं अंतर २५ किलोमीटर.

हे उभं केलं गोविंद स्वरूप यांनी (१९२९-२०२०). १९६५ मध्ये त्यांनी कल्याणला ऑस्ट्रेलियाहून भेट मिळालेल्या ३२ छोट्या डिश लावून सूर्याचं निरीक्षण सुरू केलं होतं. मग १९७० ला उटीची दुर्बीण, आणि १९८० च्या दशकात खोडदची कल्पना. ४५ मीटरची भरीव पत्र्याची डिश परवडणारी नव्हती, वाऱ्यालाही टिकली नसती. म्हणून त्यांनी स्टेनलेस स्टीलच्या जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड तारेची जाळी दोऱ्यांवर ताणून डिश बनवली. मीटरभर लांबीच्या लहरींना एक-दोन सेंटीमीटरची भोकं दिसतच नाहीत, त्यांना ती भिंतच वाटते. वारा मात्र आरपार जातो.

जागा निवडताना एक महत्त्वाची अट होती की तिथे माणसांचा रेडिओ नॉईज कमी हवा. भोवती डोंगरांची आडवी भिंत, मोठं शहर लांब, पण पुणं सोयीच्या अंतरावर. दौंडचंच तत्त्व. लांब जाऊन बसा.

पण मला खरी गंमत वाटली ती केबलच्या निवडीत. पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यातल्या तीस डिशचे सिग्नल एका जागी आणायचे, तेही एकमेकांशी वेळेचा ताळमेळ न बिघडवता. तांब्याची वायर एवढ्या अंतरात सिग्नल खाते, आणि वर स्वतःच अँटेना होऊन बसते. त्यांनी ऑप्टिकल फायबर निवडली. काचेला ना खरखर चढते, ना तिच्यातून करंट वाहतो, ना ती दोन टोकांची अर्थिंग एकमेकांना जोडते.

आणि आणखी एक. आपल्याला वाटेल की डिशपाशीच सिग्नल डिजिटल करून पाठवला की काम झालं. पण डिजिटल सर्किट म्हणजे सेकंदाला कोट्यवधी वेळा चालू-बंद होणारे स्विच, ते स्वतःच रेडिओ नॉईज ओकतात. तिथे सिग्नल अॅनालॉग स्वरूपातच प्रकाशावर चढवून मध्यवर्ती इमारतीत आणतात आणि डिजिटल काम तिथे, रेडिओ लहरी बाहेर पडू न देणाऱ्या बंदिस्त खोलीत करतात. कॉम्प्युटरला कानापासून लांब ठेवायचं. डॅकच्या शेजारी कॉम्प्युटर ठेवणाऱ्या माझ्यासारख्याने हे वाचून मान खाली घालायला हवी.

एवढी काळजी कशासाठी? जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालेलं एक उदाहरण देतो. एका दूरच्या आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा सिग्नल खोडदला सापडला. निघताना लांबी २१ सेंटीमीटर, इथे पोचेपर्यंत विश्वाच्या प्रसरणाने ताणून ४८ सेंटीमीटर. प्रवास ८८० कोटी वर्षांचा. म्हणजे पृथ्वी जन्मायच्या कितीतरी आधी निघालेला. त्याच वर्षी जूनमध्ये गुरुत्वीय लहरींचा जो पुरावा जगभरातल्या गटांनी मांडला, त्यातही खोडदची निरीक्षणं होती. ४८ सेंटीमीटर म्हणजे साधारण ६२० मेगाहर्ट्झ. मोबाईल आणि टीव्हीच्या घरातलाच पट्टा. विजेच्या खांबावरचा सैल क्लॅम्प, त्यातून उडणारी बारीक ठिणगी, असल्या गोष्टी या पट्ट्यात धुमाकूळ घालतात. तिथली माणसं गाडीवर अँटेना लावून असले खांब शोधत फिरतात आणि वीज मंडळाकडून दुरुस्त करून घेतात. म्हणजे ब्रह्मांडाच्या संशोधनातला एक भाग वायरमन सोबत घेऊन होतो!

*

आता तो लक्षात ठेवायला सांगितलेला मुद्दा. पुणे-नाशिक सेमी-हायस्पीड रेल्वे. मूळ आराखडा सुमारे २३५ किलोमीटरचा. राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा. यातल्या बहुतेक गावांनी आजवर रेल्वे पाहिलेली नाही. संगमनेरसारख्या बाजारपेठेच्या गावाला आजही स्टेशन नाही.

आणि हा मार्ग जीएमआरटीच्या पसाऱ्याजवळून जात होता. वर २५ हजार व्होल्टची तार, तिला घासत धावणारा पेंटोग्राफ. तो तारेवरून क्षणभर सुटला की ठिणगी. ठिणगी म्हणजे सगळ्या फ्रिक्वेन्सींवर एकदम केलेला आरडाओरडा. हर्ट्झने १८८७ मध्ये पहिल्या रेडिओ लहरी ठिणगीतूनच तर निर्माण केल्या होत्या. शिवाय गाडीतली मोटर चालवणारी स्विचिंग इलेक्ट्रॉनिक्स आणि रेल्वेचे स्वतःचे रेडिओ.

२०२४ च्या अखेरीस रेल्वेमंत्र्यांनी खोडदमुळे हा मार्ग शक्य नसल्याचं सांगितलं. २०२५ मध्ये पर्याय पुढे आला तो नाशिक, शिर्डी, अहिल्यानगर, पुणे असा. संगमनेर, जुन्नर, आंबेगाव, खेड भागातून जोरदार विरोध झाला. मागणी अशी की जीएमआरटीला वळसा घाला, पण मार्ग आमच्याकडूनच न्या.

आमच्या नगरमध्ये अर्थातच आनंद. पण संगमनेरचा माझा कॉलेजातला रूममेट फोनवर म्हणाला, "तुम्हाला गाडी मिळाली, आम्हाला आकाशगंगा." हसलो दोघं, पण तो पूर्ण हसत नव्हता. त्याच्या घरी टोमॅटो आणि कांदा असतो. खोडदच्या आसपास साधारण ३० किलोमीटरच्या टापूत नवा कारखाना काढायचा तरी जीएमआरटीची ना-हरकत लागते. शांतता फुकट नसते. ती कुणीतरी राखायची असते, आणि ज्याने राखायची तो बहुतेक वेळा ऐकणारा नसतो.

मी विज्ञानाच्या बाजूचा आहे. अशी दुर्बीण उचलून दुसरीकडे नेता येत नाही आणि त्या पट्ट्यात ती जगातल्या मोजक्या उत्तम दुर्बिणींपैकी आहे. पण म्हणून संगमनेरचा प्रश्न 'अडाणी विरोध' ठरत नाही. 'एकाचा सिग्नल तो दुसऱ्याचा नॉईज' हे वाक्य पुस्तकात फार चमकदार वाटतं. सात-बारावर उतरलं की जड होतं.

*

असो. घरी येऊ.

शनिवारी रात्री अठरा हजारांची केबल लावली. आणि हंऽऽऽ वाढला! बाबा म्हणाले, "आता षड्जाबरोबर पंचमही लागला."

आधी वाटलं काहीतरी चुकलं. मग खोडदची फायबर आठवली आणि ट्यूब पेटली. साध्या लॅन केबलच्या दोन्ही टोकांना यंत्रांत छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. सिग्नल जातो, पण दोन यंत्रांच्या अर्थिंगचा एकमेकांशी संबंध येत नाही. महागड्या केबलला मात्र धातूचं वेष्टन होतं, दोन्ही टोकांच्या धातूच्या प्लगना जोडलेलं. तिने राऊटरची बॉडी आणि कॉम्प्युटरची बॉडी जोडून टाकली. फिरणाऱ्या करंटला एक नवा रस्ता, तोही उत्तम तांब्याचा!

बिट्सचं म्हणाल तर ते साध्या केबलनेही बिनचूक येत होते. नेटवर्कवर प्रत्येक पाकिटाची पडताळणी होते, खराब निघालं तर परत मागवलं जातं. गाणं आधी बफरमध्ये साठतं आणि चांगल्या यूएसबी डॅकमध्ये स्वतःचं घड्याळ असतं, ते हवे तसे बिट्स ओढून घेतं. केबलने आवाज 'गोड' व्हायला त्यात जागाच नाही. उपद्रव बिट्समध्ये नसतो, बिट्सबरोबर त्याच तांब्यातून चोरपावलांनी येणाऱ्या करंटमध्ये असतो. यूएसबीच्या केबलमध्ये तर कॉम्प्युटरची जमीन थेट डॅकच्या जमिनीला जोडलेली असते. माऊसची किरकिर तिथून.

आणि किती बारीक गोष्ट आहे बघा. डॅकमधून दोन व्होल्ट बाहेर पडतात असं धरलं तर १६ बिटची सगळ्यात छोटी पायरी येते सुमारे ८५ मायक्रोव्होल्टची. २४ बिटची पायरी एक तृतीयांश मायक्रोव्होल्टची. साध्या एक किलोओमच्या रेझिस्टरमध्ये घरच्या तापमानाला, ऐकू येणाऱ्या पट्ट्यात, नुसत्या उष्णतेने अर्धा मायक्रोव्होल्ट खरखर असते. हे जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी १९२८ मध्येच दाखवून दिलं. म्हणजे २४ वा बिट निसर्गाच्याच खरखरीखाली बुडालेला असतो. कुठलीही केबल त्याला वर काढू शकत नाही.

मग मी आमच्या धंद्यात बग शोधतात तसं केलं. एकेक गोष्ट काढत गेलो. लॅन काढली, थोडा फरक. यूएसबी काढून ऑप्टिकल वायर लावली (अडीचशे रुपये, १९८३ पासूनचं तंत्र), किरकिर पूर्ण बंद. पण बारीक हंऽऽऽ उरलाच. टीव्हीची केबल काढली आणि शांतता! केबलवाल्याची वायर कुठेतरी खांबावर जमिनीला टेकलेली, आणि अॅम्प्लिफायरमधून करंट तिकडे पळत होता.

पण हा करंट आला कुठून? प्रत्येक कॉम्प्युटरच्या, वॉशिंग मशीनच्या पॉवर सप्लायमध्ये नॉईज गाळायला कपॅसिटर असतात. ते थोडा करंट अर्थिंगमध्ये सोडतात. अर्थिंग नीट असेल तर तो मुकाट्याने जमिनीत जातो. नसेल, तर यंत्राची बॉडी मेन्सच्या निम्म्यावर, शंभर-सव्वाशे व्होल्टवर तरंगत बसते आणि करंट मिळेल त्या वाटेने निघतो. आमच्याकडे त्याला अॅम्प्लिफायरची वाट मिळाली होती.

मी हे बाबांना समजावत होतो तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, म्हणूनच का रे वॉशिंग मशीनला ओला हात लागला की मुंग्या येतात? पाडव्यापासून सांगतेय मी. तुम्ही दोघं हसता."

आम्ही दोघं गप्प.

रविवारी ओळखीचे वायरमन काका आले. मीटर लावला. घरातली अर्थिंगची तार मीटरपेटीपाशी गंजून तुटली होती. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा अर्थिंगचा खड्डा, नगरच्या उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत, पाणी घालायचं कुणाच्या लक्षात नाही. म्हणजे घरात तीन पिनचे सॉकेट होते, पण तिसरी पिन कुठेच जात नव्हती. मुंग्यांपुरतं ठीक होतं. उद्या मशीनच्या किंवा गीझरच्या आत वायरचं कव्हर फाटलं असतं तर ओल्या हाताने उभ्या असलेल्या आईच्या आणि जमिनीच्या मध्ये दुसरं काही नव्हतं. काकांनी शांतपणे सांगितलं, "आवाज आला म्हणून कळलं, नाहीतर असं कळतं ते नको त्या दिवशी."

नवा खड्डा, नवी तार, आणि गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी. सगळं मिळून अठरा हजारांच्या निम्म्याहून कमी. दुकानदारांना केबल परत केली, काय घडलं ते सांगितलं. ते म्हणाले, "अर्थिंग कुणी विचारतच नाही हो."

तुमच्याकडे असा आवाज येत असेल तर आधी पैसे काढू नका. एकेक वायर काढून बघा. सगळी यंत्रं एकाच बोर्डवर घ्या. साधी, वेष्टन नसलेली लॅन केबल पुरते. जमेल तिथे ऑप्टिकल वापरा. मेन्सची वायर आणि सिग्नलची वायर शेजारी शेजारी झोपवू नका. आणि आवाज जातो म्हणून अर्थची पिन कधीही, कधीही तोडू नका. नेटवर हा सल्ला सर्रास मिळतो. अर्थिंग मात्र वायरमनकडून आजच मोजून घ्या.

जान्स्कीची गोष्ट वाचताना मला वाटलं होतं, खरखरीत आकाशगंगा सापडणं हे भाग्य त्याचं. आमच्या खरखरीत फक्त एक तुटलेली तार सापडली. पण खरं सांगू, तेवढी पुरे आहे. आणि पाडव्यापासून दुसरा एक सिग्नल घरात येत होता, स्वच्छ मराठीत. तो आम्ही नॉईज समजलो होतो.

आता घरी शांतता आहे. बाबा म्हणतात, तानपुऱ्याच्या तारेवरचं बोटसुद्धा ऐकू येतं. आई म्हणते, आवाज जरा कमी ठेवा.